वाचक विचारतात : जॉर्डनमधले निवांत अवशेष आणि वाळवंटातला मुक्काम

प्रश्न : पेट्राच्या गर्दीत न अडकता नबातियन (पेट्रा वसवणाऱ्या प्राचीन अरब लोकांचे) अवशेष शांतपणे कुठे बघता येतील?

उत्तर : पेट्राशेजारच्या वादी मूसा गावाहून गाडीने थोड्याच अंतरावर सिक अल-बारिद ही अरुंद घळ आहे, पर्यटक तिला ‘लिटल पेट्रा’ म्हणतात. घळ जेमतेम ४०० मीटरची, त्यामुळे बहुतेक जण फोटो काढून लगेच परततात आणि खरी गोष्ट राहून जाते. कातळातल्या पायऱ्या चढून रंगवलेल्या दालनात जा. आतल्या कोनाड्याच्या छतावर द्राक्षवेली, पक्षी आणि बासरीवाला दिसतो. नबातियनांची चित्रं फारच थोडी उरली आहेत, म्हणून याचं मोल. चुलींच्या धुराने हे छत काळवंडलं होतं, ते २०१० च्या सुमारास साफ केलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. फ्लॅश मारू नका. बाहेर पडून दहा-पंधरा मिनिटं चाललात की बैधा ही नवाश्मयुगीन वस्ती लागते. गोल घरांचे पाये आहेत, माणसं बहुधा नसतात.

प्रश्न : डिसेंबरात वादी रमच्या वाळवंटात स्वतःचा तंबू लावायचाय. वाळूत खुंट्या टिकतात का? थंडी किती?

उत्तर : साध्या खुंट्या पहिल्या जोराच्या वाऱ्यातच उपटून येतात. कापडी पिशवीत वाळू भरा, तंबूची दोरी पिशवीच्या मधोमध बांधा आणि पिशवी दोरीला काटकोनात आडवी, फूटभर खोल पुरा. वर वाळू घालून पायाने दाबा.

जागा निवडताना कोरड्या ओढ्याचं पात्र टाळा, कितीही सपाट दिसलं तरी. पाऊस लांब डोंगरावर पडतो आणि लोंढा इथे येतो. झुडपांत अडकलेल्या काटक्या, तडकलेला चिखल ही त्याची खूण. कड्याच्या अगदी पायथ्याशीही नको, दगड सुटतात.

रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसाची ऊब अंधार पडताच उडून जाते. लोक महागडी स्लीपिंग बॅग घेतात आणि खाली पातळ चटई अंथरतात, इथेच फसतात. अंगाखाली दबलेलं अस्तर ऊब धरत नाही. गारठा जमिनीतून चढतो. खाली फोमची, तिच्यावर हवेची अशा दोन मॅट घ्या. तंबूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचू असतात.

स्वतःची गाडी वाळूत नेऊ नका, रुतते. वादी रम गावातल्या बेदुईन (वाळवंटातल्या अरब जमातीच्या) चालकाची जीप ठरवा आणि परत न्यायला कधी, कुठे यायचं ते आधीच पक्कं करा.

प्रश्न : तारे बघायला कोणती तिथी चांगली?

उत्तर : अमावास्येच्या आगेमागे. मात्र आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग डिसेंबरात दिसत नाही, त्यासाठी मे ते सप्टेंबर. डिसेंबरात मृग नक्षत्र मात्र झकास दिसतं.