चिकन अँड डंपलिंग्ज: गोळे विरघळतात तेव्हा

चिकन अँड डंपलिंग्ज म्हणजे चिकनच्या रश्शावर शिजवलेले मैद्याचे मऊ गोळे, एक अमेरिकन पदार्थ. तुम्ही लिहिलंत की तुमचे गोळे बाहेरून विरघळले, रश्शाची खळ झाली आणि आत मात्र पीठ कच्चंच राहिलं, हे वाचून माझा पहिला संशय आचेवर. हे गोळे रश्शात बुडवून उकडायचे नसतात. ते वर तरंगतात, खालून रश्शावर आणि वरून वाफेवर शिजतात. म्हणून गोळे सोडताना रस्सा नुसता बुडबुडत असावा, खळखळून उकळत नको. लगेच झाकण लावा आणि 15 मिनिटं उघडू नका. वाफ गेली की मधला भाग चिकट राहतो. काचेचं झाकण असेल तर मोह जरा आवरतो!

प्रमाण असं: 2 कप मैदा, 1 टेबलस्पून बेकिंग पावडर, पाऊण टीस्पून मीठ, 4 टेबलस्पून वितळलेलं लोणी आणि लागेल तसं पाऊण ते एक कप दूध. चमच्याने जेमतेम एकत्र करा, थोड्या गुठळ्या राहू देत. मळलंत की रबर झालंच. चपातीची कणीक तर नकोच. अमेरिकेच्या दक्षिणेत यासाठी मऊ गव्हाचं, कमी प्रथिनांचं पीठ घेतात. 1883 साली टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये सुरू झालेल्या व्हाइट लिली ब्रँडचं पीठ त्यातलंच. ते मिळत नसेल तर साधा मैदा चालतो.

आता रस्सा, कारण खरी चव तिथे आहे. बोनलेस ब्रेस्ट घेतलंत तर रस्सा पाणचट आणि मांस कोरडं होतं. हाडांसकट तंगड्या घ्या. कांदा, गाजर, सेलरी, बे लीफ, थाईम घालून मंद आचेवर पाऊण-एक तास शिजवा. मांस सोडवून बाजूला ठेवा, गोळे शिजल्यावरच परत घाला. आलं-लसूण, गरम मसाला पहिल्या खेपेला तरी नको. काळी मिरी मात्र सढळ हाताने.

गोळ्यांचा कंटाळा आला असेल तर दुसरा प्रकार करा. नॉर्थ कॅरोलिनासारख्या भागांत पीठ लाटून, पट्ट्या कापून रश्शात सोडतात. त्यात बहुधा बेकिंग पावडर नसते, आचेचे लाडही कमी, आणि पट्ट्यांवरच्या कोरड्या पिठाने रस्सा आपोआप दाट होतो. वरणफळं येत असतील तर हे पहिल्याच झटक्यात जमेल. मला तर हाच प्रकार जास्त आवडतो.

उरलं तर गोळे रात्रभर रस्सा पिऊन फुगतात. थोडा रस्सा वेगळा काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना घाला.