संगणकाला मराठी मजकूर वाचून ज्ञान मिळवायला शिकवता येतं का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हे झेपेल का. झेपेल, आणि मराठीतच करा. फक्त आवाका लहान ठेवा.

या कामातलं मोठं नाव म्हणजे ‘नेल’ (नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर) हा संगणक-प्रोग्राम. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये तो सुरू केला आणि तो रात्रंदिवस वेब वाचत राहिला. शहर, कंपनी, खेळाडू असे शेकडो वर्ग आणि प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं एवढ्यावर त्याची सुरुवात झाली. ती उदाहरणं कसल्या वाक्यांत येतात ते बघायचं, तसल्याच वाक्यांतून नवी नावं उचलायची आणि त्या नावांवरून पुन्हा नवी वाक्यं शोधायची.

घोळ इथेच होतो. समजा ‘पेठ’ या वर्गासाठी तुम्ही कसबा, नारायण, सदाशिव, शनिवार ही नावं दिलीत. ‘शनिवार, रविवार, सोमवार’ अशी यादी दिसली की रविवार आणि सोमवारही पेठा ठरतात. पुण्यात त्या खरंच आहेत, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षातही येत नाही. मग कुठल्याशा दुकानाच्या ‘शनिवार, रविवार व दिवाळीला बंद’ या ओळीतून दिवाळी पेठ तयार होते, आणि तिच्यामागून सगळे सण. नेलनेही ‘इंटरनेट कुकीज’ (वेबसाइट्स ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या फायली) बेकरीच्या पदार्थांत घातल्या होत्या.

एखादी गोष्ट किती ठिकाणी लिहिलेली सापडली हे मोजून यातून सुटका नाही. ताळा लागतो. नेलमधली मला सर्वांत आवडणारी कल्पना हीच, की अनेक वर्ग एकाच वेळी शिकवले तर ते एकमेकांना आवर घालतात. दिवाळी सण आहे हे दुसरीकडून कळलेलं असेल आणि सण पेठ असू शकत नाही हे आधीच सांगून ठेवलं असेल, तर ती नोंद तिथेच अडते. शनिवार मात्र वारही आहे आणि पेठही, म्हणून त्याच्या दोन वेगळ्या नोंदी हव्यात. शनिवारवाडा पेठेच्या नोंदीला जोडायचा, वाराच्या नाही.

मराठीत प्रत्ययांचं काम वाढतं. पुण्याला, पुण्याहून, पुण्यातल्या हे सगळं ‘पुणे’ आहे हे आधी कळायला हवं. पुण्याच्याच एल३क्यूब गटाचं महाबर्ट हे मराठी मजकुरावर शिकवलेलं भाषा-मॉडेल खुलं आहे, ते वापरून बघा. मजकुरासाठी मराठी विकिपीडिया आणि विश्वकोश घ्या.

‘चॅटजीपीटी असताना हे कशाला?’ असं गाइड विचारतीलच. अशी मॉडेल्स पुढचा शब्द ओळखायला शिकता शिकता पुष्कळ ज्ञान गोळा करतात, पण अमुक गोष्ट कुठल्या वाक्यातून शिकली हे बोट ठेवून सांगता येत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ते यायलाच हवं. प्रत्येक नोंदीशेजारी मूळ वाक्य आणि पानाचा पत्ता ठेवा. वर्ग चारच घ्या: पेठा, वाडे, देवळं आणि सण. दर फेरीनंतर नव्या नोंदींपैकी काही स्वतः वाचून तपासा, चुकीच्या काढा आणि मगच पुढची फेरी चालवा.