गव्हातून जाणारी वाट, गायी आणि ब्लूबेल्स: इंग्लंडच्या शेतरानात फिरणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही रेडिंगजवळ राहतो. रविवारी फिरायला निघालो तर पब्लिक फुटपाथचा, म्हणजे सार्वजनिक पायवाटेचा, बाण थेट गव्हाच्या शेतात घुसत होता, पीक गुडघ्यापर्यंत आलेलं. कुणाचं तरी शेत तुडवायचं कसं म्हणून परत फिरलो. पुढच्या वेळी काय करायचं?

उत्तर: सरळ चालत जायचं. शेत मालकाचं असलं तरी त्यातून जाणारी वाट सगळ्यांची आहे, तिथून चालणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि त्यासाठी इथलं नागरिकत्व वगैरे काही लागत नाही, फिरायला आलेल्या तुमच्या आईबाबांनाही तो तेवढाच आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा जवळपास २,२५,००० किलोमीटर वाटा आहेत, आणि १९४९ च्या कायद्यापासून त्या अधिकृत नकाशावर नोंदवल्या गेल्यात. शेतकऱ्याला शेताच्या मधला फुटपाथ नांगरता येतो, पण पेरणीसाठी पहिल्यांदा नांगरल्यावर १४ दिवसांत तो पुन्हा चालण्याजोगा करायचा आणि निदान १ मीटर रुंद, दिसेल असा ठेवायचा ही त्याची जबाबदारी. बांधाकडेने जाणारी वाट तर नांगरायचीच नाही. त्याने वाट मोकळी केली नसेल तर नकाशावरच्या रेषेने पिकातून एकामागोमाग एक चाला आणि काउन्सिलला कळवा, हल्ली बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म असतो.

पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही चालतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा केशरी कव्हरवाला एक्स्प्लोरर नकाशा घ्या, त्यात हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा, काळ्या तुटक रेषेवर मात्र तसं गृहीत धरू नका. आणि संकोच वाटला तर हे लक्षात ठेवा की वेंडोव्हरजवळ रिजवे ही वाट चक्क पंतप्रधानांच्या चेकर्स या बंगल्याचा ड्राइव्हवे ओलांडून जाते. तिथे वाट सोडून आत शिरणं गुन्हा आहे, पण वाटेवर तुम्हाला कोणी हटकू शकत नाही. आपली माणसं इतकी वर्षं इथे राहून पार्कातच फेऱ्या मारतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: शेतात गायी असतील तर जावं का? आमच्याकडे कुत्रा आहे, आणि मिस्टर म्हणतात बैलही सोडलेले असतात.

उत्तर: मिस्टरांचं बरोबर आहे. दुधाच्या जातींचे, म्हणजे जर्सी-होल्स्टीन वगैरे, १० महिन्यांवरचे वळू फुटपाथ असलेल्या शेतात ठेवायला बंदी आहे, पण मांसाच्या जातीचा वळू गायी-कालवडींबरोबर असेल तर चालतो आणि तो सहसा शांत असतो. मला जास्त भीती वासरं असलेल्या गायींची वाटते. गाय आपल्या ओळखीची म्हणून गोंजारायला जाऊ नका. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, गरज पडली तर वाट सोडून सुरक्षित बाजूने जाऊन पुढे परत वाटेला लागायचं, त्यात काही चूक नाही. कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवा, पण गायी अंगावर आल्याच तर पट्टा सोडून द्या, राग कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो. तरुण बैलांचा कळप नुसत्या कुतूहलाने धावत मागे येतो, तेव्हा आपण पळायचं नाही, शांतपणे चालत गेटपाशी जायचं. आणि गेट जसं सापडलं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

प्रश्न: एप्रिलच्या शेवटी पुण्याहून आईबाबा येतायत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला जंगल आणि फुलं बघायचीत. लंडनहून एका दिवसात कुठे न्यावं?

उत्तर: वेळ एकदम मस्त निवडलीत, लंडनजवळच्या चिल्टर्न्स टेकड्यांमध्ये न्या. ॲशरिज इस्टेटमधल्या डॉकी वुडमध्ये तेव्हा ब्लूबेल्स असतात, बीचच्या झाडांखाली नजर जाईल तिथपर्यंत निळं-जांभळं. वरची पानं दाट होऊन सावली पडायच्या आत ही फुलं उरकून घेतात म्हणून तेवढे तीनेक आठवडेच मिळतात. फुलांच्या दिवसांत तिकीट असतं, तेव्हा ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या साइटवर बघून निघा. आणि प्लीज, फोटोसाठी फुलांत शिरू नका, पानं तुडवली गेली की ते रोप सावरायला वर्षं लागतात. बीचचं नुकतं फुटलेलं पान आईंना उन्हात धरून बघायला सांगा, कडेला रेशमासारखी बारीक लव दिसते, पुढे ती झडून जाते.

वर आकाशात घारी दिसतील, लालसर, दुभंगलेल्या शेपटीच्या. इंग्लंडमधून या पार नाहीशा झाल्या होत्या, १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्न्समध्ये सोडली तेव्हा परत आल्या. बाबांसाठी एकच बघायचं, वाटेत स्टाइल, म्हणजे कुंपणावरून चढून उतरायच्या लाकडी पायऱ्या, किती आहेत. गुडघ्यांचं खरं दुखणं तिथे असतं. किसिंग गेटवाला रस्ता निवडा, त्यातून नुसतं वळून पलीकडे जाता येतं.

प्रश्न: ब्लॅकबेरी आणि वाइल्ड गार्लिक, म्हणजे रानलसूण, तोडलं तर चालतं का?

उत्तर: घरी खाण्यापुरतं चालतं, रानात आपोआप उगवलेली फळं, फुलं, पानं विकण्यासाठी नसतील तर १९६८ च्या कायद्याने ती चोरी धरत नाहीत. मुळासकट उपटायचं मात्र नाही. वाइल्ड गार्लिकमध्येच लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाचं विषारी रोप उगवतं आणि कोवळेपणी पानं सारखीच वाटतात. वासावर जाऊ नका, चार पानं खुडली की हातालाच लसणाचा वास लागतो. एकेक पान बघून घ्या, लसणाच्या पानाला शिरा लांबट समांतर असतात, त्या दुसऱ्याला जाळीदार. मग खुशाल चटणी करा.

प्रश्न: टिकची, म्हणजे गोचिडीची, फार भीती ऐकलीय, मुलांना न्यावं की नाही?

उत्तर: न्याच. फुल पँट घाला, ती मोज्यात खोचा, उंच गवतातून कमी जा, आणि घरी आल्यावर गुडघ्याची मागची बाजू, काखा, केसांची कड नीट बघा. टिक सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप-अंगदुखी सुरू झाली तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन करून टिक चावली होती हे आधी सांगा, टिक चावल्याने होणाऱ्या लाइम डिसीजवर वेळेत अँटिबायोटिक मिळालं की बहुतेक जण बरे होतात.