कायद्याने रिझर्व्ह ठेवलाय, मग पैसे सुरक्षित ना?

ताई, इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही अमेरिकेत आयोवात राहता, वय 36, मुलगी चार वर्षांची, घराचं कर्ज अजून 19 वर्षांचं, आणि घर मुख्यतः तुमच्या पगारावर चालतं. एका फ्रॅटर्नल सोसायटीच्या (म्हणजे सभासदांना विमाही देणाऱ्या, सभासदांच्याच ना-नफा संस्थेच्या) एजंटने तुम्हाला अडीच लाख डॉलरचा आजीवन विमा सुचवलाय, हप्ता महिना 265 डॉलर. तिथे पॉलिसीला सर्टिफिकेट म्हणतात. एजंट म्हणतो, "कायद्याने सोसायटीला पूर्ण रिझर्व्ह (पुढची देणी भागवायला बाजूला ठेवलेला निधी) ठेवावाच लागतो, पैसा बुडणारच नाही." पुण्याहून सासरे म्हणतात, हे आपल्या एलआयसीसारखंच दिसतंय, घेऊन टाक.

माझं स्पष्ट मत: घेऊ नका. निदान एवढ्या रकमेचं आणि या प्रकारचं तर नकोच.

एजंट खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. कायदा आला कुठून ते बघा. 1868 साली पेन्सिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी जॉन जॉर्डन अपचर्च यांनी कामगारांची एक संघटना काढली. पुढे तिच्यात अशी पद्धत रुळली की सभासद वारला की बाकीच्यांनी एकेक डॉलर काढायचा आणि ती रक्कम त्याच्या घरच्यांना द्यायची. गाठीला निधी जवळजवळ नव्हताच. सभासद तरुण होते तोवर ठीक चाललं. ते म्हातारे होऊ लागले तसे मृत्यू वाढले, वर्गणी वाढली, आणि तरुणांनी काढता पाय घेतला. अशाच धर्तीवरच्या अनेक सोसायट्या त्यात बुडाल्या. काहींनी जुन्या सभासदांचे दर वाढवले, तर लोक कोर्टात गेले. त्यातल्याच रॉयल अर्केनम या सोसायटीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि 1915 साली निकाल सोसायटीच्या बाजूने लागला. त्याच सुमारास, 1910 साली, अलाबामातल्या मोबील शहरात एका नमुना कायद्याचा मसुदा ठरला: सोसायट्यांनी आपल्या देण्यांचं मूल्यांकन करायचं आणि तूट असेल तर ती टप्प्याटप्प्याने भरून काढायची.

आज बहुतेक राज्यांचे कायदे सांगतात की सर्टिफिकेटचं मूल्यांकन साध्या आयुर्विमा कंपनीच्याच किमान मापाने करा. म्हणजे मृत्यूदराचा तक्ता ठरलेला (जुन्या सर्टिफिकेटांना 1941, 1958 किंवा 1980 चा, नव्यांना 2017 चा) आणि हिशेबात धरायच्या व्याजाला वरची मर्यादा. ही मर्यादा का लागते ते आकड्यात बघा. तीस वर्षांनी अडीच लाख डॉलर द्यायचे आहेत. साडेचार टक्के व्याज धरलं तर आज बाजूला सुमारे 66,750 डॉलर पुरतात. साडेतीन टक्के धरलं तर सुमारे 89,000 लागतात. देणं तेच, पण व्याज एक टक्का चढवून धरलं की बावीस हजारांची तूट कागदावरून गायब होते. म्हणून तो आकडा सोसायटीच्या मर्जीवर सोडलेला नाही. हा कायदा चांगला आहे आणि त्याचं मोल मी मुळीच कमी करत नाही.

पण ही किमान पातळी आहे, आणि ती सगळ्या सभासदांच्या देण्यांसाठी मिळून आहे. तुमच्या नावावर त्यातलं काही वेगळं ठेवलेलं नसतं. मधेच सोडलंत तर हातात येते सरेंडर व्हॅल्यू. तिचा तक्ता सर्टिफिकेटमध्येच छापलेला असतो. आजीवन विम्यात सुरुवातीची काही वर्षं ती अगदीच तुटपुंजी असते.

आता एजंटने न सांगितलेला भाग. या सर्टिफिकेटांत एक कलम असतं: रिझर्व्हला तोटा लागला तर संचालक मंडळ सभासदांकडून तुटीचा न्याय्य वाटा मागू शकतं. तुम्ही तो भरला नाहीत, तर तो सर्टिफिकेटवर कर्ज म्हणून व्याजासकट चढतो, किंवा तेवढ्या प्रमाणात विम्याची रक्कम कमी करून घ्यावी लागते. भक्कम शिल्लक असलेल्या सोसायटीत ही वेळ सहसा येत नाही. पण कलम आहे, आणि ते वाचूनच सही करायची. दुसरं, साधी विमा कंपनी बुडाली तर राज्याची गॅरंटी असोसिएशन मृत्यूलाभासाठी बहुतेक राज्यांत तीन लाख डॉलरपर्यंत आधार देते. फ्रॅटर्नल सोसायट्या सहसा त्या व्यवस्थेबाहेर असतात. सासऱ्यांना हे नक्की सांगा, कारण एलआयसीच्या पॉलिसीमागे 1956 च्या कायद्याच्या कलम 37 ने केंद्र सरकारची हमी आहे. इथे तसं कोणीच मागे उभं नाही. सोसायटीची शिल्लक हाच काय तो आधार.

मुळात तुमची गरज वेगळी आहे. कर्ज आणि मुलीचं शिक्षण, दोन्ही वीसेक वर्षांत आटपेल. तोवर तुम्हाला काही झालं तर अडीच लाख पुरणारच नाहीत. पाच लाखांचा वीस वर्षांचा टर्म प्लॅन (त्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा) घ्या, गॅरंटी असोसिएशनच्या छत्राखालच्या कंपनीकडून. रक्कम तीन लाखांच्या वर जाते, म्हणून जमल्यास दोन कंपन्यांत अडीच-अडीच लाख विभागा. प्रकृती चांगली असेल तर तुमच्या वयाला महिना तीस-पस्तीस डॉलरच्या आसपास बसेल. उरलेल्यातून आधी 401के मध्ये (नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्ती-बचत खात्यात) तुमची कंपनी स्वतःहून जितका वाटा घालते तितका पूर्ण मिळेल असं बघा.

सोसायटीच्या शिष्यवृत्त्या आणि समाजकार्य तुम्हाला आवडलंय, ते मी समजू शकतो. या संस्था ना-नफा आहेत, आणि गावात त्यांचं काम खरंच दिसतं. सभासद व्हायचंच असेल तर पंचवीस हजारांचं छोटं सर्टिफिकेट घ्या. फक्त शिष्यवृत्ती कराराचा भाग नसते, ती धरून हिशेब मांडू नका.

त्याआधी एजंटकडून दोन गोष्टी लेखी मागा. एक, सोसायटीने विमा खात्याला दिलेलं गेल्या वर्षीचं वार्षिक विवरणपत्र. त्यात एकूण मालमत्तेला एकूण देण्यांनी भागा. दर 100 डॉलर देण्यामागे 108 डॉलरपेक्षा कमी मालमत्ता असेल तर मी स्वतः पुढे जात नाही. दुसरी, तुटीच्या वाट्याचं ते कलम, शब्दशः. ते द्यायला एजंट टाळाटाळ करू लागला तर छोटं सर्टिफिकेटही राहू द्या.