इंग्रजी शिकवण्यावर पीएचडी करायची आहे, विषय कोणता घेऊ? तासाला मराठी वापरण्याचा विषय आता जुना झाला का?

तुम्ही लिहिलंय की एम.ए. झालंय, कोल्हापूरजवळच्या हायस्कूलमध्ये शिकवताय, मनात विषय आहे 'इंग्रजीच्या तासाला मराठीचा वापर', पण सिनियर म्हणाले या विषयाचा चोथा झालाय, दुसरं काहीतरी बघ. सिनियर अर्धे बरोबर आहेत. 'मराठी वापरावी की वापरू नये' हा प्रश्न खरंच संपलाय. १९६१ ला युगांडात मकेरेरे विद्यापीठात इंग्रजी कशी शिकवायची यावर परिषद झाली, तिथनं इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवायची हे जणू शास्त्रच होऊन बसलं, मग १९९२ मध्ये फिलिप्सननं त्याला सरळ भ्रम म्हटलं, १९९३ ला एल्सा आउअरबाखनं तेच विचारलं, व्हिव्हियन कुक, गाय कुक, ओफेलिया गार्सिया या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी आपापल्या परीनं मुलाच्या भाषेला वर्गात परत जागा द्या म्हणून सांगितलं. त्यामुळं शंभर शिक्षकांना प्रश्नावली वाटायची, 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' असे पाच चौकोन द्यायचे आणि शेवटी 'मराठीचा वापर मर्यादित प्रमाणात उपयुक्त आहे' असा निष्कर्ष काढायचा, असला प्रबंध करणार असाल तर खरंच करू नका. तो कपाटात जाण्यासाठीच लिहिला जातो.

पण 'कुठली मराठी' हा प्रश्न जुना झालेला नाही. तो आपल्याकडं कुणी नीट विचारलेलाच मला दिसत नाही, आणि तुमचा प्रश्न वाचून झोप गेली ती यामुळंच.

मी गगनबावडा रोडवरच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवते, एकोणीस वर्षं झाली. एम.फिल. केलं तेव्हा (पीएचडीच्या आधीची संशोधनाची डिग्री, आता बंदच झाली) मी माझेच तास रेकॉर्ड करायचं ठरवलं. आठवीचा वर्ग, टेबलावर मोबाईल ठेवायचा, आणि रात्री घरी सगळी आवराआवर झाली की कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य वहीत उतरवायचं. पस्तीस मिनिटांचा तास उतरवायला मला चार-पाच तास लागायचे कारण मागच्या बाकावरचं पोरगं काय पुटपुटलं ते दहादा मागं जाऊन ऐकावं लागतं. पहिल्या आठवड्यात मला माझ्याबद्दलच जे कळलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं. मी प्रश्न विचारत होते आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर देत होते. मेरी बड रो म्हणून बाईंनी सत्तरच्या दशकात अमेरिकेत विज्ञानाच्या तासांवर हे मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर पोरांची उत्तरं लांब होतात. मी ते बी.एड.ला वाचलं होतं, पेपरातही लिहिलं होतं. स्वतःच्या आवाजात ऐकलं तेव्हा पटलं.

मग मी थांबायला शिकले, आणि थांबले म्हणून पुढचं घडलं.

सिंपल प्रेझेंट आणि प्रेझेंट कंटिन्यूअस घेत होते. तुम्हाला माहीतच आहे, गाईडमधून मुलं 'मी करतो' आणि 'मी करीत आहे' असं पाठ करतात, टेस्टमध्ये बरोबर लिहितात आणि निबंधात सगळीकडं 'आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे' घालतात. हंगाम चालू होता, शाळेच्या मागंच एक गुऱ्हाळ, खिडकीतनं पाकाचा वास वर्गात यायचा. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, माय फादर मेक्स जॅगरी आणि माय फादर इज मेकिंग जॅगरी, आणि विचारलं यात फरक काय. नेहमीप्रमाणं शांतता. या वेळी मी बोलले नाही, खिडकीकडं बघत उभी राहिले. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता अकरा सेकंदांची आहे. आणि मग तिसऱ्या बाकावरची एक पोरगी, जिनं जूनपासून माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, "बाई, गूळ करत्यात म्हंजे दरवर्सी करत्यात, आमचा धंदाच हाय त्यो. आन् गूळ करालेत म्हंजे आत्ता काहिल चुलवाणावर हाय, हाक मारली तर येनार न्हाईत." (काहिल म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चुलवाण म्हणजे तिची भट्टी.)

मी एम.ए.ला कंटिन्यूअस टेन्सच्या जेवढ्या व्याख्या वाचल्या त्यात इतकी नेमकी एक पण नव्हती. 'हाक मारली तर येणार नाहीत', म्हणजे क्रिया चालू आहे आणि करणारा त्यात अडकलाय, हेच तर शिकवायचं असतं! आणि ती फरक करत होती तो 'करतो' आणि 'करीत आहे' यातला नव्हता, 'करत्यात' आणि 'करालेत' यातला होता. आपल्याकडचं पोरगं 'करीत आहे' कधीच म्हणत नाही, ते त्याच्यासाठी पुस्तकातलंच वाक्य, इंग्रजीइतकंच परकं. आपण एका परक्या वाक्याचा अर्थ दुसऱ्या परक्या वाक्यात सांगतो आणि वर म्हणतो मराठीतनं समजावलं तरी यांना कळत नाही. करालोय, जेवालोय, बघालोय हे मात्र ते चालायला लागल्यापासून बोलतंय, एकदाही चूक न करता. त्यानंतर दोन आठवडे मी सगळा काळ असाच शिकवला, पोरांनी घरातली वाक्यं आणायची, वडील काय करत्यात आणि आत्ता काय करालेत, आणि त्यातनं इंग्रजीकडं जायचं. ती पोरगी रोज हात वर करायला लागली.

हे सगळं मी प्रबंधात जसंच्या तसं लिहिलं. माझ्या गाईडनी, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकांनी, नाव आणि विद्यापीठ सांगत नाही, तो मसुदा वाचून लाल पेनानं सगळे 'करालेत' खोडले. म्हणाले, ही ग्राम्य भाषा प्रबंधात शोभत नाही, मराठी उदाहरणं शुद्ध करून घ्या. मी म्हटलं, सर, हा डेटा आहे, पोरगीचं वाक्य आहे, मी कसं शुद्ध करू. तर म्हणाले, मुद्दा काळाचा आहे ना, मग 'करीत आहेत' लिहिलं तरी मुद्दा तोच राहतो. सबमिशनला बारा दिवस राहिले होते, नोकरी, घर, सासूबाई दवाखान्यात, आणि सही त्यांचीच लागणार होती. मी शुद्ध केलं. छापलेल्या प्रबंधात ती पोरगी म्हणते, "'करतात' म्हणजे दरवर्षी करतात आणि 'करीत आहेत' म्हणजे सध्या क्रिया चालू आहे."

व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, "हे आठवीतल्या मुलीचं वाक्य आहे का तुमचं? हे तर व्याकरणाच्या पुस्तकातलं वाटतंय." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी शेजारी बसलेल्या गाईडकडं बघितलं, ते कागद चाळत होते. मी म्हटलं, मुलीचंच आहे. परीक्षकांनी मान हलवली पण त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं. डिग्री मिळाली. माझ्या संशोधनातलं एकमेव खरं वाक्य मात्र मीच खोटं करून ठेवलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, विषय कुठलाही घ्या, पोरांचं वाक्य बदलू नका. कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानं १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की विद्यार्थ्याची चूक म्हणजे त्याच्या डोक्यात कुठला नियम तयार झालाय त्याचा पुरावा, सेलिंकरनं १९७२ ला शिकणाऱ्याच्या त्या अधल्यामधल्या भाषेला इंटरलँग्वेज हे नाव दिलं, आणि आपल्याकडं हे दोघं प्रत्येक प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात, आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात, असतात आणि चौथ्या प्रकरणात, जिथं स्वतःचा डेटा येतो, तिथं पुरावाच धुऊन पुसून ठेवलेला असतो. इंग्रजी चुका तरी जशाच्या तशा लिहितात, मराठी मात्र शुद्ध करतात. म्हणजे पोराच्या इंग्रजीला पुरावा मानायचं आणि त्याच्या मराठीला लाज मानायची. हे मला मान्य नाही. त्या दिवशीही नव्हतं, फक्त मी गप्प बसले. सर हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, मुद्दा तोच राहिला नाही सर, मुद्दा त्या एका शब्दातच होता.

तुमच्या विषयाकडं येते. मी तुमच्या जागी असते तर एकच व्याकरणाचा तुकडा घेतला असता, एकच वर्ग, एक वर्ष, आणि पोरांची बोली त्या तुकड्याला कुठं हात देते आणि कुठं पाय ओढते हे बघितलं असतं. कारण पाय पण ओढते, हे मला उशिरा कळलं. पोरगं म्हणतं "मी दोन वर्सं तालमीत जालोय", आणि इंग्रजीत लिहितं 'आय ॲम गोइंग टू तालीम सिन्स टू इयर्स'. त्याच्या 'जालोय'मध्ये आत्ता चाललेलं पण बसतं आणि दोन वर्षांपासनं चालत आलेलं पण बसतं, इंग्रजीत तिथं 'हॅव बीन गोइंग' लागतं. गाईडवाले त्यासाठी 'मी जात आलेलो आहे' असलं वाक्य देतात जे महाराष्ट्रात कुणीही बोलत नाही. म्हणजे ज्या 'करालोय'नं एका ठिकाणी काम सोपं केलं त्यानंच दुसऱ्या ठिकाणी चूक घडवली. माझ्या एम.फिल.मध्ये ही बाजू आलीच नाही, ती तुम्ही घ्या. तसंच प्रश्नार्थक वाक्यं, 'कुठं चाललाईस' मध्ये शब्दांची उलटापालट करावी लागत नाही म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग' येतं. तसंच 'मला दोन भाऊ आहेत' वरून 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', माझ्या मते यात दोष मराठीचा कमी आणि 'आहे म्हणजे ॲम' असं पाचवीत घोकून घेणाऱ्या आपला जास्त, पण हे तपासायला पाहिजे. भारतीय इंग्रजीला स्वतंत्र इंग्रजी मानणाऱ्या ब्रज काचरूंच्या बाजूनं बोलणारे म्हणतील ही चूकच नाही, हे भारतीय इंग्रजी आहे. असेल. माझ्या पोरांना दहावीच्या पेपरात त्याचे मार्क मिळत नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ बंगलोर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये जो प्रयोग केला त्यात व्याकरण समजावूनच सांगायचं नव्हतं, पोरांना रेल्वेचं टाइमटेबल वगैरे देऊन कोडी सोडवायला लावायची, भाषा त्यातनं येईल असा विश्वास. त्यांनी माझा तास बघितला असता तर कदाचित म्हणाले असते, बाई, तुम्ही अजून नियमच शिकवताय. बेरेटा आणि डेव्हिस या संशोधकांनी १९८५ ला त्या प्रयोगाचं मूल्यमापन छापलं, त्यात साधारण असं निघालं की ज्या वर्गानं ज्याचा सराव केला त्यात तो पुढं, व्याकरणाच्या टेस्टमध्ये नेहमीचे वर्ग आणि समजून घेण्यात प्रभूंचे. त्यामुळं माझी पोरं 'इज मेकिंग' बरोबर लिहायला लागली म्हणजे ती बोलायला लागली असं मी म्हणणार नाही, ती पोरगी इंग्रजीत नव्हे, आधी मराठीत बोलायला लागली. मला ते मोठं वाटतं. तुमच्या कमिटीला ते पुरेसं वाटेलच असं नाही, म्हणून बोलण्याची वेगळी टेस्ट आधीच ठरवून ठेवा, वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. माझ्याकडं तुलनेला दुसरा वर्ग नव्हता, ती उणीव आहेच.

आणि माझं सगळं आमच्या पट्ट्यातल्या बोलीपुरतं आहे. शहरात राजारामपुरी-ताराबाई पार्कातली पोरं घरात 'करतोय' बोलतात, सीमेकडच्या कागल-गडहिंग्लजच्या पोरांच्या कानात कन्नड असते, तिथं चित्र वेगळं असू शकतं. तुमचं हायस्कूल कुठल्या बाजूला आहे ते लिहिलं नाही तुम्ही.

गाईड निवडताना त्यांचे पेपर किती छापलेत ते बघाच, पण त्याआधी त्यांना तुमच्या वर्गातलं एक पान वाचून दाखवा, पोरांच्या भाषेत, जसंच्या तसं, आणि ते लाल पेन काढतात का बघा. काढलं तर दुसरे शोधा. बारा दिवस राहिल्यावर शोधता येत नाही.

माझ्या मूळ वह्या अजून आहेत, त्यात तिचं वाक्य तिच्याच शब्दांत आहे. रेकॉर्डिंग मात्र कुणाला देणार नाही कारण त्या वेळी मी फक्त मुख्याध्यापकांची तोंडी परवानगी घेतली होती, पालकांना विचारलंच नव्हतं. तुम्ही पहिला तास रेकॉर्ड करायच्या आधी पालकांची लेखी परवानगी घ्या, मराठीत लिहिलेली, आणि वाचून दाखवून.