किडीची प्रतिकारशक्ती खिळखिळी करायची आहे? सुरुवात अशी करा

दुपेडी आरएनए (दोन पेडांचा आरएनए, तो जुळणारं जनुक गप्प करतो) देऊन किडीची प्रतिकारशक्तीची जनुकं दाबायची, हा प्रयोगाचा विषय छान निवडलात. आधी एक गोष्ट पक्की करा: प्रतिकारशक्तीचं जनुक गप्प केलं म्हणून अळी आपोआप मरत नाही. ती फक्त दुबळी होते. मारायला जोडीला बीटी (अळीच्या आतड्याला जखम करणारा जिवाणू) किंवा बिव्हेरियासारखी कीडनाशक बुरशी लागते, आणि तेही कमी मात्रेत. पूर्ण मात्रा दिलीत तर सगळ्याच अळ्या मरतील आणि फरक दिसणारच नाही.

स्पोडोप्टेरा लिट्टोरॅलिस या अळीवरचं काम नीट वाचा. तिच्या रक्तपेशींतलं '१०२' नावाचं जनुक दाबलं की जखमी आतड्यातून रक्तात शिरलेले जिवाणू तिला आवरत नाहीत आणि बीटी जास्त मारक ठरतं.

नवखे हमखास इथे चुकतात:

- पहिलाच प्रयोग पतंगवर्गीय अळीवर. त्यांच्या आतड्यातली विकरं दुपेडी आरएनए पटकन तोडतात. हात बसेपर्यंत ट्रायबोलियम (पिठातला) भुंगेरा घ्या, त्याला टोचून दिलेला आरएनए छान लागू पडतो.
- तुलनेच्या गटाला नुसतं पाणी. त्यांना जीएफपीचा (कीटकात नसलेल्या, चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा) दुपेडी आरएनएच द्या. परका आरएनए स्वतःच कीटकाला सावध करू शकतो.
- फक्त मेलेल्या अळ्या मोजणं. जनुक खरंच दबलं का, हे आधी क्यूपीसीआरने (जनुकाचा आरएनए किती उरला ते मोजणारी चाचणी) बघा.

आणि दुपेडी आरएनएचा क्रम (अक्षरांची मांडणी) ठरवतानाच तो मधमाशी, ढालकिडा अशा मित्रकीटकांच्या जनुकांशी ताडून पाहा. सलग २१ अक्षरं जुळली तर तो तुकडा सोडा, दुसरा निवडा. शेतातली फवारणी, आरएनए टिकवणारे नॅनोकण हे सध्या डोक्यात घेऊ नका. अडलात तर विचारा, मी आहे.