आईबाबांना टेक्निकल काही कळत नाही, त्यांच्यासाठी सेफ ब्राउझर कोणता?

फायरफॉक्स, आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), टाकून द्या.

तुम्ही लिहिलंय दोघं साठीपुढचे, अँड्रॉइड फोन, घरात विंडोज सेव्हनचा जुना लॅपटॉप, आणि कामं म्हणजे बँक, लाइट बिल, रेल्वेचं तिकीट. अशा माणसांचा ब्राउझर हॅक करायला कोणी बसलेलं नाहीये हो, त्यांना गंडवतात ते जाहिरातीतून. इथे इंदूरला आमच्या रामबागेतल्या एका काकूंनी बँकेचा कस्टमर केअर नंबर सर्च केला, सगळ्यात वर जो दिसला तो लावला, ती निघाली जाहिरात, आणि पलीकडचा गोड गोड बोलून स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला सांगत होता. नशीब भाचा घरी होता.

म्हणून माझ्या मते जाहिराती अडवणं हीच खरी सिक्युरिटी. क्रोम कच्चा आहे असं नाही, उलट मजबूत आहे, पण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत आणि कॉम्प्युटरवर त्याने पूर्ण यूब्लॉक ओरिजिन बंद केलंय, आता फक्त त्याचं हलकं ‘लाइट’ व्हर्जन चालतं. फायरफॉक्समध्ये दोन्हीकडे पूर्ण चालतं. ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरमध्ये ब्लॉकर आतच असतो, तोही चांगला, पण त्यातलं क्रिप्टो वॉलेट बघून माझे बाबा विचारत बसतील हे काय, ते काय.

मग सेटिंगमध्ये जाऊन साइट्सची नोटिफिकेशन्स ब्लॉक करा. ते कुठेतरी अलाऊ दाबून बसतात आणि मग दिवसभर ‘फोनमध्ये व्हायरस आहे’ सुरू.

पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, हे डोक्यातून काढायला सांगा, कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट चोरालाही फुकट मिळतं. कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही. त्यापेक्षा पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं, तो पत्ता बँकांनाच मिळतो. तुम्हीच एकदा बँकेची खरी साइट उघडून होम स्क्रीनवर शॉर्टकट करून द्या, म्हणजे सर्च करायची भानगडच नको. पासवर्डही ब्राउझरमध्ये सेव्ह करा. वहीत लिहिण्यापेक्षा एक फायदा आहे, नकली साइटवर तो आपोआप भरला जात नाही, म्हणजे भरला नाही की थांबायचं, तुम्हाला फोन करायचा.

लॅपटॉपचं मात्र कठीण आहे. विंडोज सेव्हनला 2020 पासून मायक्रोसॉफ्टचे अपडेट नाहीत, क्रोमने 2023 ला सोडलं, फायरफॉक्सचंही 115 नंबरचं जुनं व्हर्जनच चालतं. त्यावर बँक नकोच. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून देणारं कोणी ओळखीचं असेल तर बघा, नाहीतर भजनं ऐकायला ठेवा.

आणि फायरफॉक्स डिफॉल्ट करायला विसरू नका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत्येक लिंक परत क्रोममध्येच उघडेल.